पोस्टमननं सावकारी करावी का?

मनीऑर्डरचा फॉर्म ज्यांनी भरला आहे त्यांना त्याची खालची पट्टी आठवत असेल. वर रक्कम, नाव, गाव, तालुका. आणि त्या पट्टीत चार शब्द लिहिण्यापुरती जागा. गिरणगावातल्या खोलीतून कोकणात पैसे धाडणारा माणूस तेवढ्या जागेत सगळा संसार मांडायचा. 'गणपतीला येतो. घर शाकारून घ्या. तात्यांचं औषध चुकवू नका.' पोस्टमन पायरीवर बसून नोटा मोजून द्यायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि ज्या घरात कोणाला वाचता येत नसे तिथे ती पट्टीही वाचून दाखवायचा. टपाल खात्यानं १८८० साली सुरू केलेल्या या सेवेवर कोकणातल्या इतक्या चुली पेटत होत्या की तिथल्या अर्थव्यवस्थेला 'मनीऑर्डरची अर्थव्यवस्था' हेच नाव पडलं.

निरोप आणि पैसा एकाच हातानं घरी येणं ही सोय मोबाईलनं लावलेली नाही. हुंडी त्याहूनही जुनी, आणि ती तर मुळात पत्रच होती: 'अमक्याला इतके रुपये द्यावेत' असं एका पेढीनं दुसऱ्या पेढीला लिहिलेलं. त्यामुळे गप्पांच्या ॲपमध्ये पैसे पाठवायचं बटण आलं याचं मला फारसं नवल वाटत नाही. मला खटकतं ते वेगळंच. पोस्टमनला तात्यांचं आजारपण ठाऊक होतं, मुंबईहून दरमहा किती येतात हेही ठाऊक होतं. पण त्या माहितीवर त्याचं पोट चालत नव्हतं. आठ दिवसांनी दारात येऊन 'तात्यांचं दुखणं वाढलंय म्हणे, कर्ज देऊ का?' असं तो विचारत नसे. टपाल खातं बचत बँक चालवायचं हे खरं, आणि सरकारला वाटलं तर पत्र अडवायची मुभा कायद्यानं सरकारकडे होती हेही खरं. म्हणजे तो काळ काही सोवळा नव्हता. पण पत्र वाचून गिऱ्हाईक हेरायचा धंदा टपाल खात्यानं केला नाही.

आशियातल्या बड्या मेसेजिंग कंपन्यांनी गेल्या बारा-पंधरा वर्षांत नेमकी ही हद्द ओलांडली आहे. गप्पांच्या ॲपनं पैसे पोचवावेत, खुशाल पोचवावेत. पण पैशाची वाट त्याच्या मालकीची असू नये, आणि आपली माणसं त्याला तारण म्हणून वापरता येऊ नयेत, असं माझं म्हणणं आहे. भारतात पहिली गोष्ट बऱ्यापैकी साधली आहे. दुसरीबद्दल आपण अजून गाफील आहोत.

या गोष्टीची सुरुवात चीनपासून करावी लागते. टेन्सेंट कंपनीचं वीचॅट हे गप्पांचं ॲप जानेवारी २०११ मध्ये आलं आणि ऑगस्ट २०१३ मध्ये त्यात पैशांची सोय आली. तोवर अलीबाबाच्या अलीपेनं जवळजवळ दहा वर्षं बैठक मारलेली होती. अलीपेचा जन्म अविश्वासातून झाला. ऑनलाइन बाजारात घेणारा आणि विकणारा एकमेकांना अनोळखी, म्हणून पैसे मध्येच धरून ठेवायचे आणि माल पोचला की सोडायचे, अशी ती युक्ती होती. वीचॅटची अडचण बरोबर उलटी होती. तिथे सगळी ओळखीचीच माणसं. एकमेकांवर भरवसा होता, पण पैसे पाठवायला कारण नव्हतं.

ते कारण २०१४ च्या चिनी नववर्षाला सापडलं. चिनी घरांत सणाला लाल पाकिटातून पैसे देतात, त्याला होंगबाओ म्हणतात. आपल्या आहेराच्या पाकिटाचाच भाऊ म्हणा, फक्त वरचा एक रुपया नाही. वीचॅटनं त्या पाकिटाचा खेळ केला. कुटुंबाच्या ग्रुपवर एक रक्कम टाकायची, ती किती जणांत वाटायची ते ठरवायचं आणि कोणाच्या वाट्याला किती येणार हे नशिबावर सोडायचं. जो आधी उघडेल त्याला मिळणार, मागे राहिला तो हात चोळत बसणार. काकाला अमुक युआन मिळाले आणि भाच्याला चार नाणी, यावरून ग्रुपवर जो दंगा होई तीच या सेवेची जाहिरात. आणि गंमत अशी, की मिळालेले पैसे बाहेर काढायचे तर आपलं बँक कार्ड ॲपला जोडावं लागे. बँकांनी वर्षानुवर्षं फलक लावून जे साधलं नसतं ते मावशीच्या चार नाण्यांनी दोन दिवसांत साधलं. अलीबाबाच्या जॅक मा यांनी या घटनेची तुलना पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याशी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जपाननं अमेरिकेच्या आरमारी तळावर अचानक घातलेल्या घाल्याशी, केली. पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, चिनी सरकारी वाहिनीवरच्या नववर्षाच्या कार्यक्रमाशी सांगड घालून फोन हलवा आणि पाकीट मिळवा असा सोहळा झाला आणि त्या एका रात्री १०० कोटींहून जास्त पाकिटं इकडून तिकडे गेली.

यात तंत्रज्ञानाची कमाल बेताचीच. क्यूआर कोड तर जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीनं १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला बनवला होता. वीचॅटनं भांडवल केलं ते नात्यांचं. आणि ज्यानं नाती भांडवल म्हणून गुंतवली तो त्यावर व्याज मागणारच. टेन्सेंटच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या वीबँकेचं छोट्या कर्जाचं बटण २०१५ मध्ये वीचॅटच्या पैशांच्या पानावर आलं. ते सगळ्यांना दिसत नसे. बँकेनं निवडलेल्यांनाच दिसे. पत्र पोचवणारा, पाकीट पोचवणारा आणि कर्ज देणारा अशी एकाच ओसरीवरची वर्दळ झाली.

मग भिंती उभ्या राहिल्या. अलीबाबाच्या ताओबाओ बाजारातल्या वस्तूची लिंक वीचॅटवर पाठवली तर ती उघडेना. भांडण दोन कंपन्यांचं, पण भुर्दंड लोकांना. लोक मग चिन्हं आणि अक्षरांची एक विचित्र ओळ कॉपी करून मैत्रिणीला पाठवत. तिनं ती कॉपी करून ताओबाओचं ॲप उघडलं की वस्तू दिसे. जगातल्या सर्वांत प्रगत म्हणवणाऱ्या डिजिटल बाजारात माणसं चिठ्ठ्या नाचवत होती. २०२१ मध्ये सरकारी खात्यानं डोळे वटारले तेव्हा लिंक हळूहळू उघडू लागल्या, आणि ताओबाओवर वीचॅटनं पैसे भरायची सोय सुरू व्हायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला.

चीनच्या मध्यवर्ती बँकेलाही उशिरा जाग आली. सुरुवातीची काही वर्षं या कंपन्या एकेका बँकेशी थेट तारा जोडून व्यवहार उरकत होत्या. मध्ये कोणाची नजर नव्हती. जून २०१८ अखेर सगळे व्यवहार एका मध्यवर्ती यंत्रणेतून न्यावेत असं बंधन आलं आणि जानेवारी २०१९ पासून ग्राहकांची वॉलेटमधली सगळी रक्कम मध्यवर्ती बँकेकडे ठेवणं सक्तीचं झालं. आधी दोन सावकारांनी रस्ता बांधला आणि मग सरकारनं त्यावर नाका बसवला. ज्या देशात सरकारला शब्द उच्चारायची खोटी, तिथेही हा क्रम उलटा पडला, तर इतरांनी काय समजायचं?

तरीही या सगळ्यापेक्षा मला २०२२ चा ऑक्टोबर जास्त अस्वस्थ करतो. बीजिंगमधल्या एका पुलावर कोणीतरी सरकारविरोधी फलक लावला. त्याचे फोटो लोकांनी वीचॅटवर एकमेकांना पाठवले आणि पाठवणाऱ्यांची खाती पटापट बंद होऊ लागली. पुढचं दृश्य लाजिरवाणं होतं. लोक दुसऱ्या एका समाजमाध्यमावर टेन्सेंटच्या ग्राहकसेवेला उद्देशून माफीनामे लिहू लागले: भान राहिलं नाही, पुन्हा करणार नाही, खातं परत द्या. खात्यातली शिल्लक बुडते असं नाही. पण तोवर त्याच एका खात्यावर रोजचा व्यवहार, नोकरीचे ग्रुप, मुलांच्या शाळेचे निरोप, करोनाकाळात दाखवायचा हेल्थ कोड, हे सगळं येऊन बसलेलं होतं. बोलण्याबद्दल शिक्षा झाली आणि गंडांतर आलं ते रोजच्या जगण्यावर. दोन वेगळ्या खिशांतल्या गोष्टी एका खिशात ठेवल्या की खिसा कापणाऱ्याचं काम सोपं होतं, मग तो चोर असो की कोतवाल.

'ते चीन आहे, तिथे असंच चालायचं' असं म्हणून हात झटकणाऱ्यांनी दक्षिण कोरियाकडे पाहावं. तिथे निवडून आलेलं सरकार आहे, जागरूक न्यायालयं आहेत, भांडखोर वर्तमानपत्रं आहेत. आणि काकाओटॉकही आहे. मार्च २०१० मध्ये आलेलं हे मेसेजिंग ॲप सव्वापाच कोटींच्या आतबाहेर लोकसंख्येच्या देशात पावणेपाच कोटींच्या आसपास लोक वापरतात. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यात काकाओपे आलं, २०१७ मध्ये काकाओ बँक आली, टॅक्सी होतीच. १५ ऑक्टोबर २०२२ च्या शनिवारी दुपारी सोलजवळच्या पांग्यो इथल्या एका डेटा सेंटरमध्ये बॅटरीतून आग लागली. माणसं सुखरूप राहिली, पण देशाची बोलती बंद झाली. निरोप जाईनात, टॅक्सी मिळेना, पैसे सरकेनात. काकाओचं खातं वापरून ज्या इतर सेवांत शिरायचं त्यांची दारंही लागली. सगळं पूर्ववत व्हायला पाच दिवसांहून अधिक, १२७ तास ३० मिनिटं लागली. कंपनीच्या एका प्रमुखानं राजीनामा दिला. नंतर भरपाई म्हणून छोट्या व्यावसायिकांना काही रक्कम मिळाली आणि सर्वसामान्य वापरणाऱ्यांना मिळाले चॅटमध्ये वापरायचे इमोटिकॉन. पाच दिवसांच्या खोळंब्याबद्दल हसरे चेहरे! याहून बोलकी भरपाई मला सुचत नाही.

आणि हे फक्त आगीपुरतं नव्हतं. २०२४ मध्ये कोरियाच्या वित्तीय नियामकाला तपासणीत आढळलं, की काकाओपेनं सुमारे ४ कोटी वापरणाऱ्यांची माहिती त्यांच्या संमतीवाचून चीनच्या अलीपेकडे दिली होती. निमित्त होतं ॲपलच्या ॲप स्टोअरमधली देणी चुकती करण्याचं. पण ज्यांनी ॲपलचं नावही काढलं नव्हतं, ज्यांचे फोन अँड्रॉइडचे होते, त्यांचीही माहिती त्या गठ्ठ्यात गेली. जानेवारी २०२५ मध्ये जवळपास ६०० कोटी वॉनचा दंड झाला. दंड झाला हे लोकशाहीचं यश. माहिती परत आणता येत नाही ही लोकशाहीची मर्यादा.

जपाननं मात्र एक वेगळाच धडा दिला, थोडक्यात सांगतो. २०११ च्या भूकंपानंतर काही महिन्यांतच आलेलं लाइन हे गप्पांचं ॲप तिथे घरोघरी पोचलं. डिसेंबर २०१४ मध्ये लाइन पे सुरू झालं. सगळं जमून आलेलं असूनही २०१८ मध्ये आलेल्या पेपे या पैशांच्या ॲपनं बाजी मारली. पेपेकडे गप्पा नव्हत्या. त्यांनी दुकानोदुकानी माणसं पाठवली, क्यूआर चिकटवले आणि १,००० कोटी येनची सवलत अशी उधळली की ती दहा दिवसांत संपली. पुढे दोन्ही एकाच कंपनीच्या छत्राखाली आल्या आणि एप्रिल २०२५ अखेर जपानमधलं लाइन पे बंद झालं. (तैवानमध्ये हेच लाइन पे जोरात आहे.) गप्पांचं ॲप हातात आहे म्हणून पाकीटही त्याचंच होईल, हा काही निसर्गनियम नव्हे. जिथे ते झालं तिथे कोणीतरी होऊ दिलं.

आता आपल्याकडे. भारतात गोष्ट वेगळ्या टोकानं सुरू झाली. रस्ता आधी, गाड्या नंतर. बँकांच्या मालकीच्या, नफा न वाटणाऱ्या एनपीसीआयनं (नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) बांधलेली यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत जाहीर झाली. तिची रचना नीट पाहिली तर कौतुक वाटतं. पैसे ॲपमध्ये नसतात, बँकेतच असतात. ॲप फक्त निरोप देतं: या खात्यातून त्या खात्यात इतके. पिन टाकताना जो पडदा दिसतो तो ॲपचा नसतो, एनपीसीआयनं दिलेला असतो. ॲपच्या मालकाला तो पिन कळत नाही. आणि समोरचा कुठलं ॲप वापरतो याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. 'जीपे करतो' म्हणत लोक फोनपेनं पैसे पाठवतात आणि ते भीमवर पोचतात. चीनमध्ये जे भांडण मिटायला दहा वर्षं लागली ते इथे रस्ता आखतानाच टळलं.

या रस्त्यावर गप्पांच्या गाड्याही आल्या. हाइक या देशी मेसेजिंग ॲपनं २०१७ मध्येच यूपीआय आणि वॉलेट दिलं होतं. पैसे आले म्हणून गप्पा वाढल्या नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये ते मेसेंजर बंद झालं. व्हॉट्सॲपनं फेब्रुवारी २०१८ मध्ये सुमारे १० लाख लोकांपुरती चाचणी सुरू केली. त्याच वर्षी ६ एप्रिलला रिझर्व्ह बँकेनं फर्मान काढलं, की व्यवहारांची माहिती भारतातच साठवायची. यावरून घोडं अडलं ते अडीच वर्षं. ५ नोव्हेंबर २०२० ला परवानगी मिळाली, तीही २ कोटी वापरणाऱ्यांपुरती. मग ४ कोटी, मग १० कोटी, आणि ३१ डिसेंबर २०२४ ला मर्यादा पूर्ण उठली. या घटकेला यूपीआयवर महिन्याला २,००० कोटींहून जास्त व्यवहार होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये हा आकडा पहिल्यांदा ओलांडला. त्यात व्हॉट्सॲपचा वाटा नगण्य आहे. ज्या ॲपवर देशातली सकाळ उगवते, तेच पैशांच्या बाबतीत पाटावर बसायला आलं तेव्हा पंगत उठत आली होती.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. व्हॉट्सॲप हरलं ते लोकांनी नाकारलं म्हणून, की त्याला दारातच अडवलं म्हणून? मला ही माणसांच्या संख्येवरची मर्यादा तेव्हाही पटली नव्हती. सार्वजनिक रस्ता म्हणायचं आणि एका गाडीला 'तुझ्यात इतकेच प्रवासी' म्हणायचं, बाकीच्यांना काही नाही, हा नियम नव्हता. ती अडवणूक होती. ज्या दिवशी व्हॉट्सॲपला परवानगी मिळाली त्याच दिवशी एनपीसीआयनं दुसराही नियम काढला होता: कुठल्याही एका ॲपकडे एकूण व्यवहारांच्या ३० टक्क्यांहून जास्त जाऊ नयेत. नियम उत्तम. पण आधीच मोठे झालेल्यांना त्यासाठी २०२२ अखेरची मुदत मिळाली, मग २०२४ अखेरची, मग २०२६ अखेरची. दरम्यान फोनपे आणि गूगल पे मिळून पाचातले चार व्यवहार आपल्याकडे घेऊन बसले. म्हणजे एकाला उंबऱ्यावर थांबवून आत बसलेल्या दोघांना आपण आग्रहानं वाढत राहिलो. मेसेजिंगवाल्याची मक्तेदारी टाळली असं म्हणत असताना दुसऱ्या दोघांची होऊ दिली, आणि त्यातली एक गूगल, जिला आपला पत्ता, प्रवास आणि शोध सगळंच ठाऊक असतं.

दुसरा आक्षेप एनपीसीआयबद्दलच. रस्ता एकच असला की तो खचला तर सगळेच अडकतात. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय काही तास लंगडली तेव्हा दुकानांच्या गल्ल्यांवर जे चेहरे पडले होते ते कोरियातल्या त्या शनिवारची आठवण देणारे होते. मला हे मान्य आहे. फरक इतकाच, की त्या तासांत लोक एकमेकांना निदान विचारू शकत होते, 'तुझ्याकडे चालतंय का?' निरोपाची वाट आणि पैशाची वाट वेगळी असण्याचा हा साधासुधा फायदा.

पण रस्ता सार्वजनिक असून एक भोक राहिलं आहे, आणि ते आपणच पाडलं. जानेवारी २०२० पासून यूपीआयनं दुकानदाराला पैसे देताना शुल्क शून्य झालं. लोकांना हे फार आवडलं, मलाही आवडतं. पण फुकट चालणारी गाडी कोण चालवतं? सरकार प्रोत्साहन म्हणून काही रक्कम देतं, २०२४–२५ साठी सुमारे १,५०० कोटी रुपये मंजूर झाले. एवढ्यात देशभराचा खर्च भागत नाही. मग गाडीवाला भाड्याऐवजी प्रवाशाकडे बघू लागतो: हा कुठे उतरतो, कोणाला भेटतो, महिन्याच्या कितव्या तारखेला याचा खिसा रिकामा होतो. कर्ज, विमा, जाहिरात, सगळी कमाई तिथून. ज्या धंद्यात व्यवहाराला मोल नाही तिथे माहितीला मोल येतंच. आणि माहितीचं सर्वांत मोठं कोठार गप्पांच्या ॲपकडे आहे. संदेशाला कुलूप आहे हे व्हॉट्सॲप सांगतं ते बरोबर आहे. मजकूर वाचता येत नाही. पण कोण कोणाशी, किती वाजता, किती वेळा बोलतो हे कळायला मजकूर लागत नाही. पैशांच्या नोंदीला तर ते कुलूप लागूच होत नाही, कारण ती बँकेला वाचता यावीच लागते. २०२१ च्या गोपनीयता धोरणात व्हॉट्सॲपनं 'मान्य करा नाहीतर' असा पवित्रा घेतला, त्यावरून आपल्या स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा हिला २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याआधी, २०२० मध्ये, गप्पांच्या ॲपला पैशांचं ॲप जोडून विकलं जातंय ही तक्रार याच आयोगानं फेटाळली होती. मला तो निर्णय तेव्हा घाईचा वाटला, आजही वाटतो. जोडणी म्हणजे काही दोन साबणवड्या एका कागदात बांधणं नसतं.

फसवणुकीचं काय? याची चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही. पैशांच्या ॲपमध्ये माणूस सावध मनानं शिरतो, गप्पांच्या ॲपमध्ये सैल मनानं. भाच्याचा फोटो लावलेल्या अनोळखी नंबरावरून 'मामा, हा माझा नवा नंबर, जरा अडचण आहे' असा निरोप येतो. त्याच खिडकीत खाली पैसे पाठवायचं बटण असतं. पूर्वी त्या मामाला ते ॲप बंद करून दुसरं उघडावं लागे. त्या दहा सेकंदांत कितीतरी मामा वाचले असतील. 'डिजिटल अरेस्ट'चे बनावट पोलीसही व्हिडिओ कॉलवर येतात ते याच ॲप्सवर. कारण तिथे समोरच्यावर विश्वास ठेवायची सवय लागलेली असते. एनपीसीआयनं ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसानं दुसऱ्याकडे पैसे मागायची 'कलेक्ट रिक्वेस्ट' बंद केली, कारण 'पैसे मिळवायला पिन टाका' म्हणून लोकांना लुटलं जात होतं. सोय काढून टाकली म्हणून कोणी रडलं नाही. म्हणून माझी पहिली मागणी सोयीच्या विरोधातली आहे: चॅटमधून पहिल्यांदाच कोणाला पैसे जात असतील तर तिथे अडथळा हवा. बँकेत नोंदलेलं नाव ठळक दिसावं, रक्कम मोठी असेल तर काही वेळ थांबावं, वाटलं तर चॅटच्या बाहेर नेऊन विचारावं. ॲपवाले म्हणतील, यानं गिऱ्हाईक वैतागतं. वैतागू दे.

दुसरी मागणी खात्याची. गप्पांचं खातं काही कारणानं बंद झालं, मजकूर आक्षेपार्ह वाटला, कोणी तक्रार केली, यंत्राची चूक झाली, तर पैशांच्या सेवेवर त्याचा ओरखडा उठता कामा नये, आणि उलटही. आज यूपीआयच्या रचनेमुळे माणूस दुसऱ्या ॲपवर जाऊ शकतो, पण हे आपोआप घडलेलं आहे, हक्क म्हणून लिहिलेलं नाही. छोटे व्यावसायिक ऑर्डर, बिलं, गिऱ्हाइकांची यादी आणि पैसे असं सगळं एका बिझनेस खात्यावर आणत चालले आहेत. त्यांना हा हक्क कागदावर लागेल, आणि तो मागायची वेळ आत्ता आहे, खातं बंद झाल्यावर नाही.

तिसरी सर्वांत अवघड: कोण कोणाशी बोलतो यावरून पत ठरवायला सरळ मनाई. यावर अर्थतज्ज्ञ मित्र मला झापतात. ते म्हणतात, ज्याच्याकडे पगाराची पावती नाही त्याला बँक दारात उभी करत नाही; त्याच्या व्यवहारांच्या नोंदीवरून कर्ज मिळालं तर वाईट काय? काही वाईट नाही. भाजीवालीच्या यूपीआयच्या नोंदी पाहून तिला भांडवल मिळालं तर उत्तमच. ती तिची स्वतःची कमाई आहे आणि तिनं ती संमतीनं दाखवली आहे. पण तिच्या फोनमध्ये कर्ज बुडवणारे तीन नातेवाईक आहेत म्हणून तिला चढं व्याज लागलं, तर ते तिच्या कमाईवरून ठरलेलं नाही, गोतावळ्यावरून ठरलेलं आहे. गोतावळ्यावरून माणसाची लायकी ठरवण्याचा आपल्याला शतकांचा अनुभव आहे. तेच काम एखादं गणित करणार असेल तर ते अधिक सभ्य होत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा सगळा भर संमतीवर आहे. पण माझ्या फोनमधल्या चारशे माणसांची संमती मी एकट्यानं कशी द्यायची?

रोख पैशाचा मुद्दा इथे ओझरता, पण सोडवत नाही म्हणून. चीनमध्ये मध्यवर्ती बँकेला २०१८ मध्ये जाहीर करावं लागलं की रोख नाकारणं बेकायदा आहे. तरी २०२० मध्ये हूपेई प्रांतात एका म्हाताऱ्या बाईची वैद्यकीय विम्याची रोख रक्कम खिडकीवर नाकारली गेली आणि तो व्हिडिओ देशभर फिरला. गप्पांच्या ॲपमधलं पाकीट जितकं सोपं, तितकं ते नसलेला माणूस अदृश्य होत जातो.

मागच्या महिन्यात मी सहज एक प्रयोग केला. वर्षानुवर्षं वापरत असलेलं पैशांचं ॲप काढून टाकलं आणि दुसरं घातलं. पाच मिनिटांत बँकेचं खातं तिथे हजर झालं, पिन तोच चालला, पहिले पैसे गेलेही. वाट खरोखर माझी होती. मग बहिणीला पैसे पाठवायला गेलो तर तिचं नाव वर दिसेना. कोणाला कधी किती दिले, कोणाचे किती यायचे आहेत, त्यासोबत लिहिलेले दोन-दोन शब्दांचे निरोप, 'लाइट बिल', 'आईच्या गोळ्या', 'परत करू नकोस', हे सगळं जुन्या ॲपकडेच राहिलं होतं.